उनाच्या शेडमधला फर्ग्युसन

कुणाच्या शेडमध्ये काय सडतंय हे आमच्या फादरपेक्षा पोस्टमनला जास्त ठाऊक असतं. फादर पुढच्या दाराने येतात, त्यांच्यासाठी घर आवरलेलं असतं. मी मागून जातो. चौतीस वर्षं ड्रमकीलच्या डोंगरावर टपाल वाटतोय, त्यामुळे कुणाची भिंत कुठे खचली, कुणाचं कुत्रं चावतं, कुणाकडे नवऱ्याने लपवलेली बाटली कुठे असते, सगळं मला माहीत आहे. फेलिम मॅक्टिर्ननने एवढ्यासाठीच माझ्याशी दोस्ती केली, असं माझी बायको म्हणते. असेलही. दोस्तीला काहीतरी निमित्त लागतंच.

फेलिम पूर्वी डेअरीचा दुधाचा टँकर चालवायचा. साठी उलटली तसा घरी बसला. लग्न केलं नाही, धाकटी बहीण नुआला आणि तो असे दोघंच राहतात. माणूस ताडमाड उंच आणि उंच माणसं वाकतात तसा जरा वाकलेला. डोक्यावरची टोपी तो दोनच ठिकाणी काढतो, एक चर्चमध्ये आणि दुसरं म्हणजे मेलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की. जुने ट्रॅक्टर शोधायचे, घरी आणायचे आणि जिवंत करायचे, हा त्याचा नाद. विकायचा मात्र एकही नाही. ऑगस्टमध्ये आमच्याकडे जुन्या ट्रॅक्टरांची फेरी निघते, दवाखान्याच्या मदतीसाठी, त्यात एक तो स्वतः चालवतो आणि बाकीचे शेजारपाजारच्यांना चालवायला देतो. मला दर वर्षी तो निळा मिळतो, ज्याचा ब्रेक फक्त डावीकडचा लागतो.

त्याने कुठून कुठून काय काढलंय ते सांगायला बसलो तर टपाल राहील. एक ट्रॅक्टर एका म्हातारीच्या खुराड्याचं छप्पर तोलून धरत होता. फेलिमने आधी नवा खांब उभा केला, मग ट्रॅक्टर काढला, आणि कोंबड्या महिनाभर अंडी देईनात म्हणून त्या म्हातारीला आठवड्याला डझनभर अंडी विकत आणून दिली. दुसऱ्याच्या पोटातून झाड वाढलं होतं, मनगटाएवढं जाड. त्याचं स्टिअरिंगचं चाक नव्हतं. ते फेलिमला पाच महिन्यांनी पलीकडच्या गावातल्या फादरच्या बागेत सापडलं, त्यावर वाटाण्याचे वेल चढवले होते. रस्त्याने जाताना झुडपाच्या आड गंजाचा एवढासा तुकडा दिसला तरी याची मान वळायची. नुआला म्हणायची, चर्चमध्ये प्रार्थनेला बसलो तरी याचा एक डोळा खिडकीबाहेर असतो.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. आमच्याकडे कुणी कुणाला काही थेट विचारत नाही. शिडी हवी असेल तर शेजाऱ्याकडे जाऊन म्हणायचं की यंदा पन्हळी फार गळतायत. मग तो म्हणतो की शिडी मागे नुसती पडून आहे. दोघांची अब्रू राहते. थेट मागितलं आणि समोरचा नाही म्हणाला तर दोघांनी पुढची वीस वर्षं एकमेकांकडे बघायचं कसं? डब्लिनहून एक व्यापारी मोठा ट्रक घेऊन यायचा, अंगणात उतरायचा आणि विचारायचा, तो ट्रॅक्टर केवढ्याला देणार? तो कुठूनही कधीही काही घेऊन गेला नाही. लोक त्याला चहासुद्धा द्यायचे आणि वर सांगायचे की तो ट्रॅक्टर आहे ना, येत्या वसंतात दुरुस्त करणार आहोत. तीस वर्षं दुरुस्त करणार होते, आणखी तीस वर्षं करणार.

फेलिमची रीत वेगळी. पहिल्या खेपेला हवापाण्याचं बोलायचं. दुसऱ्या खेपेला वारलेल्या नातेवाइकाची आठवण काढायची. तिसऱ्या खेपेला हाताला लागेल ते काम करून द्यायचं, फाटक, गटार, काहीही. ट्रॅक्टरचं नाव काढायचं नाही, शेडकडे बघायचंसुद्धा नाही. मग एक दिवस मालक आपणच वैतागून म्हणतो, तू त्या भंगारासाठी येतोस ना रे? की झालं काम. बहुतेकांना तीन-चार खेपा लागतात. एका चक्रमाला अकरा लागल्या.

उना मॅकगोवनकडचा फर्ग्युसन ट्रॅक्टर मीच त्याला दाखवला. तळ्याच्या वरच्या अंगाला तिचं घर. पार्सल द्यायला गेलो होतो, वाऱ्याने शेडचं दार उघडलं आणि आत करडं नाक दिसलं. उनाचा नवरा फ्रान्सी जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, तेही आता सोडलेलं. मुलगी ऑस्ट्रेलियात. बाईची जीभ अशी तिखट की मीसुद्धा पत्र हातात देऊन काढता पाय घ्यायचो. फेलिमला मी हे सगळं सांगितलं. त्याने मला बटाट्यांचं एक पोतं दिलं आणि पुढच्या गुरुवारी गेला. गुरुवारच का, तर त्या दिवशी नुआलाच्या पाच मैत्रिणी पत्ते खेळायला घरी येतात आणि याला घरात बसवत नाही.

पहिल्या गुरुवारी हवापाणी झालं. दुसऱ्या गुरुवारी फ्रान्सीची आठवण. तिसऱ्या गुरुवारी कुंपण. चौथ्या गुरुवारीही कुंपण. मग पन्हळ, मग धुराडं, मग बदकांसाठी छोटं डबकं. आठ महिने झाले तरी उना काही बोलेना आणि हा काही विचारेना. शेवटी नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी मी तिथे वीजबिल घेऊन गेलो होतो तेव्हा उनाने चहा ओतता ओतता त्याला विचारलं, "शेडमध्ये काय आहे ते बघायचंय, की मरेपर्यंत माझी कुंपणंच बांधत बसणार?"

"तुम्ही म्हणत असाल तर बघतो," फेलिम म्हणाला.

शेडमध्ये गेलो. एकावन्न सालचा फर्ग्युसन, टायर जमिनीला चिकटलेले, वायरिंगमध्ये उंदरांचं घर. फेलिमने बॉनेटवरून असा हात फिरवला जसा कुणी अनोळखी घोड्यावरून फिरवेल. उना म्हणाली, न्या, इथे सडण्यापेक्षा बरं. व्यवहाराचं बोलणं चार वाक्यांत मिटलं. मी मनात म्हटलं, चला, एकदाचं पदरात पडलं, आता हा उद्या ट्रेलर घेऊन येणार.

तर हे महाशय म्हणतात, "एवढ्या प्रवासात याचं काही खरं नाही. इथेच थोडं थोडं करतो. तुमची हरकत नसेल तर."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. पोटातून झाड काढलेला ट्रॅक्टर याने बावीस मैल ट्रेलरवर नेला होता. उना म्हणाली, माझी कसली हरकत. आणि कपाटातून केक काढला.

माझ्यासारख्या माणसाला, जो दुसऱ्याच्या घरात नाक खुपसून पोट भरतो, त्याच क्षणी कळायला हवं होतं. नाही कळलं. नुआलाला कळलं. ती दर गुरुवारी रात्री जेवताना त्याला विचारायची, "बाई आहे म्हणून ट्रॅक्टरकडे जातोस, की ट्रॅक्टर आहे म्हणून बाईकडे?" तो म्हणायचा, इंजिन अडकलंय. आणि बटाटे पुढे ओढायचा.

इंजिन खरंच अडकलं होतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल ओतलं आणि म्हणाला, महिनाभर मुरू दे. महिनाभर मुरलं. मग म्हणाला, आणखी महिना. एरवी चार महिन्यांत अख्खा ट्रॅक्टर रंगवून उभा करणारा माणूस, एका गुरुवारी चार नट काढायचा आणि ते पुसत बसायचा. दुपारी साडेतीनला उना हाक मारायची. चहा, सोडा ब्रेड, कधी सफरचंदाचा केक. पावसाळी दिवस असला तर ती शेडमध्येच खुर्ची घेऊन यायची आणि वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या बातम्या त्याला वाचून दाखवायची. हा वाकून काम करायचा आणि कोण कुणाचा कोण लागत होता ते सांगायचा. मी जाता-येता बघायचो. तिची जीभ तशीच होती. पण मी आता पत्र देऊन पळत नव्हतो, एवढा फरक पडला होता.

अशी तीन वर्षं गेली. इंजिन सुटलं, रेडिएटर झाला, टायर झाले, करडा रंग झाला. राहिला एक कार्ब्युरेटर. फ्रान्सीने तो साफ करायला काढला होता आणि त्याच आठवड्यात फ्रान्सीच वारला. कुठे ठेवला ते कुणालाच माहीत नाही, असं फेलिमने मला सांगितलं. म्हणाला, त्या सालचा अगदी तोच हवा, दुसरा चालणार नाही. शोधतोय. मी म्हटलं, शोध. तो आणखी दोन वर्षं शोधत होता. वाटाण्याच्या वेलाखालचं स्टिअरिंग पाच महिन्यांत हुडकणारा माणूस दोन वर्षं कार्ब्युरेटर शोधतोय, आणि मला काही शंका येत नाही. उलट मला त्याची कीव यायची.

म्हणून मी शोधायला लागलो. शपथेवर सांगतो, त्याच्या सुखासाठी. कॅव्हनला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याला सांगितलं, त्याने कुणाला सांगितलं, आणि शेवटी एका जुन्या गॅरेजच्या फळीवर, तेलकट कागदात गुंडाळलेला, त्याच सालचा कार्ब्युरेटर मिळाला. मी खूश. वाढदिवसाच्या भेटीसारखा दोरा बांधला आणि गुरुवारी टपालाबरोबर घेऊन उनाच्या स्वयंपाकघरात जाऊन टेबलावर ठेवला. फेलिम आणि उना चहा पीत बसले होते.

फेलिमने दोरा सोडला, कागद उलगडला. कार्ब्युरेटर उलटसुलट करून बघितला.

"छान आहे," तो म्हणाला. मग परत म्हणाला, "छान आहे." मग टोपी सारखी केली आणि तो घेऊन शेडकडे गेला. केक तसाच राहिला.

मला वाटलं होतं हा मला मिठी मारेल, म्हणजे आमच्याकडे मारतात तशी, दंडावर एक बुक्की. उनाने माझ्यापुढे चहा ठेवला, केक ठेवला नाही. दार लावलं आणि माझ्याकडे वळली.

"डेसी, तुला हे कुणी सांगितलं होतं?"

मी म्हटलं, कुणी नाही, पण बिचारा दोन वर्षं शोधतोय.

"शोधतोय? त्याला शोधायचा असता तर दोन आठवड्यांत आणला असता." तिने कपाटावरचा बिस्किटांचा डबा खाली घेतला आणि झाकण उघडून माझ्या नाकासमोर धरला. आत फडक्यात गुंडाळलेला कार्ब्युरेटर होता. स्वच्छ, चकचकीत. "फ्रान्सीने काढला होता तो हा. पहिल्या दिवसापासून इथे आहे."

"फेलिमला माहीत आहे?"

"नाही. आणि त्याने विचारलं नाही. तुमच्याकडे कुठे आहे का, एवढं विचारलं असतं तर मला द्यावा लागला असता. मी खोटं बोलत नाही." डबा परत वर ठेवताना तिची पाठ माझ्याकडे होती. "पाच वर्षं तो माणूस या घरात येतोय. दोन वर्षं एकच गोष्ट अडलेली आहे, ती जिथे असायची शक्यता सगळ्यात जास्त, ते घर सोडून तो जगभर शोधतोय. तुला काय वाटतं, तो मूर्ख आहे?"

तो मूर्ख नव्हता. मूर्ख कोण होता ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. मी चहा तसाच टाकून शेडकडे धावलो. ठरवलं होतं की सांगायचं, अरे, मेव्हण्याचा फोन आला, तो तडकलेला आहे, परत दे. पण उशीर झाला होता. चांगला सुटा भाग समोर आला की त्या माणसाचे हात थांबत नाहीत, मन काहीही म्हणो. दोन्ही बोल्ट बसवून झाले होते आणि तो पेट्रोलची नळी जोडत होता. मला म्हणाला, "आलास, बरं झालं. बघ चालू होतो का."

या फर्ग्युसनचा गिअरचा दांडा पुढे ढकलला की स्टार्टर फिरतो. फेलिमने ढकलला. एकदा खोकला, दुसऱ्यांदा खोकला, तिसऱ्यांदा असा लागला की जणू कालच बंद केला होता. छपरातून धूळ पडली. बदकं तळ्याकडे पळाली. उना दारात येऊन उभी राहिली, हाताची घडी घालून. फेलिमच्या डोक्यावर टोपी होती. त्याने ती काढली नाही.

आता पुढचं काय ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. एखाद्याने दिलेली वस्तू तयार झाल्यावर त्याच्याच शेडमध्ये ठेवून जायचं, याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो की ती तुम्हाला नको आहे. हा फ्रान्सीचा ट्रॅक्टर. तो ठेवून जाणं म्हणजे तिच्या तोंडावर मारणं. आणि नेला, तर येत्या गुरुवारी या डोंगरावर यायला त्याच्याकडे काहीही कारण उरत नव्हतं. कुंपणं झाली होती, पन्हळी झाल्या होत्या, बदकांनासुद्धा डबकं होतं. दोघं उभे होते आणि त्यांच्यामध्ये ते करडं यंत्र मजेत धडधडत होतं. माझ्यामुळे. त्या क्षणी ते इंजिन बंद पडायला हवं होतं, इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"माझी जीप इथेच राहू दे, उद्या नेतो," फेलिम ओरडून म्हणाला.

"ठीक आहे," उना ओरडून म्हणाली.

"केक छान होता."

"खाल्ला कुठे तुम्ही."

तो सीटवर चढला आणि हळूहळू शेडबाहेर, अंगणातून उताराच्या वाटेने निघाला. मी माझी गाडी घेऊन त्याच्या मागे. वाट एवढी अरुंद की पुढे जायची सोय नाही. आरशात उना दिसत होती, दारातून हललेली नव्हती. समोर फेलिमची वाकलेली पाठ. मी गाडीत बसून स्वतःलाच शिव्या घालत होतो आणि त्यालाही घालत होतो की बोल रे बाबा, बोल काहीतरी, सहासष्ट वर्षांचा झालास.

फाटकाशी तो थांबला. मला वाटलं फाटक उघडायला उतरला. पण तो वळला, माझ्या गाडीच्या कडेने अंग चोरून गेला आणि चढाने परत वर चालायला लागला. ट्रॅक्टर तसाच चालू. अंगणाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि तिला काहीतरी म्हणाला. मी काच खाली केली. तिने कानाला हात लावला.

"मला दर गुरुवारी यायचंय," तो ओरडला. एवढ्या मोठ्याने तो कधी बोलल्याचं मला आठवत नाही. तळ्यापलीकडे गवत कापणारे दोघं थांबून बघायला लागले. "ट्रॅक्टर नसला तरी. मी येऊ का?"

"ऐकू येत नाही," उना ओरडली. "आधी ते बंद करा."

मला वाटलं, संपलं. माणूस एवढं एकदा जेमतेम बोलतो. पण तो परत खाली आला. माझ्याकडे बघितलं नाही. इंजिन बंद केलं, स्वतःच्या हाताने, पाच वर्षांनी लागलेलं इंजिन. एकदम इतकं शांत झालं की तळ्यावरची बदकं ऐकू यायला लागली. मग तो तसाच चढाने वर गेला, तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला, टोपी काढून हातात घेतली आणि साध्या आवाजात तेच परत म्हणाला. सगळं, शब्दन् शब्द. मी गाडीत होतो तरी मला ऐकू आलं.

उनाने त्याच्याकडे बघितलं, मग फाटकातल्या ट्रॅक्टरकडे बघितलं. मला माहीत होतं की तिने पहिलंच ऐकलं होतं. तळ्यापलीकडच्यांनी ऐकलं होतं, तर तिने ऐकलं नसेल?

"फक्त गुरुवारीच का?" ती म्हणाली.

तो काय म्हणाला ते मला कळलं नाही, कारण दोघं आत गेले. माझ्या पुढे फाटकात ट्रॅक्टर उभा, मागे अंगण. सव्वा तास मी तिथे अडकून बसलो. त्या दिवशी डोंगराच्या अर्ध्या घरांना टपाल संध्याकाळी पोचलं, आणि मला एकानेही विचारलं नाही की उशीर का झाला.